बाप्तिस्मा : अनुवाद न झालेल्या एका शब्दाचा मागोवा

खानदेशातल्या दीपनगरहून तापी ओलांडून उत्तरेला गेले की यावल तालुक्यात फैजपूर लागते. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे हे गाव देशाला ठाऊक झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे नाव रंगाऱ्यांमुळे होते. इंग्रजी अमदानीतल्या खानदेश गॅझेटियरमध्ये फैजपूरच्या छापील सुती कापडाची आणि तिथल्या गडद निळ्या व लाल रंगाची खास नोंद आहे. निळीचे काम जवळून पाहण्यासारखे असते. पांढरे कापड निळीच्या रांजणात बुडवून वर काढले की पहिल्या क्षणी ते निळे नसतेच, हिरवट-पिवळे दिसते. वारा लागतो तसतसा रंग चढू लागतो, आणि बघता बघता कापड निळे होते. मग पुन्हा बुडवायचे, पुन्हा वर काढायचे; दर बुडीला रंग गहिरा होत जातो. रंगाऱ्याच्या हातात बुडवणे आणि रंगवणे या दोन क्रिया वेगळ्या काढता येत नाहीत. जुन्या ग्रीक भाषेतही त्या वेगळ्या नव्हत्या. दोन्हींसाठी एकच क्रियापद होते: बाप्तो. त्यातून बाप्तिझो निघाले आणि त्यातून पुढे बाप्तिस्मा.

हा शब्द कानावर आला की आपल्याकडे बहुतेकांच्या मनात धर्मांतर येते, आणि धर्मांतरापाठोपाठ वाद येतात. ख्रिस्ती घरात मात्र तो नव्या बाळाच्या, नाव ठेवण्याच्या, नातेवाइकांना बोलावण्याच्या गोष्टींत सहज येऊन जातो. एकाच शब्दाचा एका दारात धाक आणि शेजारच्या दारात आनंद, हे कसे झाले याचे उत्तर त्याच्या प्रवासात आहे. तो ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेला, तिथून इंग्रजीत, आणि पुढे मराठीत आला. जवळजवळ प्रत्येक वेशीवर अनुवादकांनी त्याचा अर्थ लावायचे टाळले आणि शब्द होता तसाच आत घेतला. अर्थ लावायचे काम राहिले ते बोलणाऱ्या माणसांकडे. मराठी माणसांनी ते काम मोठी किंमत मोजून केले आहे, म्हणून हा मागोवा.

लोहाराचे पाणी

होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात तापलेला सोट खुपसला जातो. तेव्हा झालेला आवाज कवी लोहाराच्या भट्टीवरून सांगतो: तापलेली कुऱ्हाड थंड पाण्यात बुडवल्यावर जसा चरचराट होतो, तसा. तिथे बुडवण्यासाठी बाप्तो हेच क्रियापद आहे. आपला लोहार या कामाला ‘पाणी देणे’ म्हणतो. विळ्याला, कुऱ्हाडीला, वखराच्या पासेला पाणी दिले नाही तर धार टिकत नाही. ज्याला नीट पाणी दिले ते हत्यार पाणीदार. लोखंडाला बळ येते ते यानेच, असे होमरही त्याच ठिकाणी सांगतो. बुडवलेली वस्तू बाहेर येते ती बदलून, हा भाव या शब्दात ख्रिस्ती धर्माच्या कित्येक शतके आधीपासून आहे.

बाप्तो म्हणजे बुचकळणे. बाप्तिझो म्हणजे पुरते बुडवणे. ग्रीक इतिहासकार बुडालेल्या जहाजांसाठी बाप्तिझो वापरतात. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये आदल्या रात्री मद्यात बुडालेल्यांसाठी तेच क्रियापद येते. प्लुटार्कने कर्जात बुडालेल्या माणसासाठी ते वापरले आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडेही माणूस दारूत बुडतो, कर्जात बुडतो, आणि जहाजही बुडते. या शब्दाला अजून देवाधर्माचा वासही लागलेला नव्हता. तो घाटावरचा, भट्टीवरचा, रंगाच्या रांजणाजवळचा शब्द होता.

यार्देनच्या काठी

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत यहुद्यांचे हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरवले गेले. त्यात अरामी सेनापती नामानाची गोष्ट आहे. त्याला कोड होते, आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितले. आमच्याकडच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणून नामान आधी रागावला. मग गेला आणि बरा झाला. त्याच्या त्या बुड्यांसाठी ग्रीक अनुवादात बाप्तिझो आहे. यहुदी धर्मात शुद्धीसाठी पाण्यात उतरण्याची चाल जुनी होती. त्यासाठी पायऱ्या असलेली कुंडे असत, त्यांना मिक्वे म्हणतात. माणूस स्वतः उतरायचा, स्वतः बुडी मारायचा, आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा तेच करायचा.

पुढे योहान या यहुदी संदेष्ट्याने यार्देनच्या काठी जे सुरू केले त्यात दोन गोष्टी निराळ्या होत्या. एक, तिथे माणूस आपल्या हाताने बुडी मारत नव्हता, दुसरा माणूस त्याला पाण्यात घालत होता. म्हणूनच तर योहानाला ते विशेषण चिकटले. मराठी बायबलात तो ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ आहे. दुसरी गोष्ट, ही रोजची शुद्धी नव्हती. आयुष्याची दिशा फिरवल्याची ती जाहीर खूण होती. येशूने हा बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे येशूच्या शिष्यांनी तो चालू ठेवला. प्रेषित पौलाने त्याला मरण आणि पुनरुत्थानाचा अर्थ दिला: पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे.

याच काळात शब्दाचे रूपही बदलले. ग्रीकमध्ये धुण्या-बुडवण्याच्या कोणत्याही कामाला बाप्तिस्मॉस म्हणत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्याले, घागरी आणि पितळेची भांडी धुण्याच्या यहुदी रिवाजाला हाच शब्द आहे, आणि मराठी बायबलात तिथे साधे भांडी धुणे आहे. बाप्तिस्मा हे रूप मात्र नव्या कराराच्या आधीच्या ग्रीक लेखनात सापडत नाही. भांडी धुण्यापासून वेगळी ओळख ठेवायची म्हणून ख्रिस्ती लोकांनी शब्दाची शेपटी बदलून घेतली असे दिसते. तीच ‘मा’ची शेपटी पुढे मराठीपर्यंत आली. इंग्रजांनी ती मध्येच गाळली, आपण ती राखली.

पाणी किती हवे हा प्रश्नही फार लवकर पुढे आला. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सांध्यावर लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या ग्रीक पुस्तिकेत नियमच दिला आहे. वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा. वाहते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. आणि यातले काहीच पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओतावे. हे कोरड्या मुलखातल्या माणसांनी लिहिलेले आहे हे खानदेशातल्या कुणालाही लगेच कळेल. आज सीरियात असलेल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात एक घर सापडले. त्यातल्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड आणि भिंतींवर चित्रे आहेत. ते शहर इ.स. २५६ च्या सुमारास पडले, म्हणजे कुंड त्याआधीचे. त्यात उभा माणूस पुरता बुडेल एवढी जागा आहे असे म्हणता येत नाही. नदीत बुडवणे आणि डोक्यावर ओतणे या दोन्ही चाली इतक्या जुन्या आहेत.

वेशीवेशीवर

उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुलियनने सुमारे इ.स. २०० मध्ये बाप्तिस्म्यावर लॅटिनमध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो अनेकदा तिंग्वेरे हे अस्सल लॅटिन क्रियापद वापरतो. त्याचाही अर्थ भिजवणे आणि रंगवणे असाच आहे. म्हणजे लॅटिनकडे स्वतःचा शब्द होता. तरीही टिकला तो ग्रीकच. लॅटिन चर्चने बाप्तिस्मा हाच शब्द कायम केला आणि पश्चिम युरोपला तोच दिला.

सगळ्यांनी असे केले नाही. गॉथ लोकांनी चौथ्या शतकातच आपला बुडवण्याचा शब्द वापरला. जर्मनांचा ताउफं आणि स्वीडिश लोकांचा दूप हे त्याच कुळातले. इंग्रजीतला ‘डिप’ त्यांचाच नातलग. सीरियाक भाषेने मामोदिता हा आपला शब्द घेतला, आणि तो समुद्रमार्गे भारतात पोचला. केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांत बाळाचा मामोदीसा होतो. मराठीत बाप्तिस्मा आला त्याच्या कित्येक शतके आधी भारतात या संस्काराला नाव होते, ते हे.

रंगाचा अर्थही कुठे हरवला नाही. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत ‘सिबगतुल्लाह’ हा शब्द येतो, म्हणजे अल्लाहचा रंग. ख्रिस्ती लोक मुलांना पाण्यात बुडवून ती शुद्ध झाली असे मानत, त्याच्या उत्तरादाखल हे आहे, असे जुने भाष्यकार सांगतात. सिबगतुल्लाह हे नाव उर्दू बोलणाऱ्या घरांत आजही ठेवले जाते, आणि त्याची मुळे या शब्दाच्या शेजारीच आहेत.

युरोपात या शब्दावरून माणसे मेली. बाळाला डोक्यावर पाणी घालून दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, समजत्या वयात स्वतः मागून घेतलेला तोच खरा, असे मानणाऱ्यांनी २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला ५ जानेवारी १५२७ रोजी शहराच्या सरकारने लिमात नदीत बुडवून मारले. पाण्यावरून झालेल्या वादाला शिक्षाही पाण्याचीच दिली गेली. या भांडणाच्या छायेतच इंग्रजी बायबल घडले. राजा जेम्सच्या अनुवादकांना जुने चर्चमधले शब्द तसेच ठेवण्याची आज्ञा होती, आणि १६११ च्या प्रस्तावनेत त्यांनी प्युरिटनांनी बाप्तिस्म्याच्या जागी ‘धुणे’ घातल्याबद्दल नापसंती नोंदवली. शब्दाचा अर्थ सांगायचा म्हटला तर बाजू घ्यावी लागली असती: बुडवणे म्हटले की एक पक्ष खूश, धुणे म्हटले की दुसरा. ग्रीक शब्द तसाच ठेवला की कोणालाच काही कबूल करावे लागत नव्हते.

हुगळीच्या काठचे भांडण

भारतात हे भांडण विल्यम कॅरीबरोबर आले. तो बॅप्टिस्ट पंथाचा, म्हणजे समजत्या वयात पुरते बुडवून बाप्तिस्मा देणारा. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत झाला होता. २८ डिसेंबर १८०० रोजी त्याने सेरामपूरला हुगळीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला; त्याच वेळी कॅरीचा मुलगा फीलिक्सही पाण्यात उतरला. मराठीवर कॅरीचे ऋण मोठे आहे. वैजनाथ शर्मा या पंडिताच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठी व्याकरण छापले, आणि सेरामपूरहूनच मराठी नवा करार मोडी लिपीत निघाला.

बंगालीत बॅप्टिस्टांनी बाप्तिझोचा सरळ अनुवाद केला: बुडवणे. काही वर्षे ते खपून गेले. पुढे १८३० च्या दशकात येट्स आणि पिअर्स या बॅप्टिस्टांचा बंगाली नवा करार छापण्यासाठी मदत मागितली तेव्हा लंडनच्या बायबल सोसायटीने या शब्दावर बोट ठेवले. इतर पंथांना चालेल असा शब्द घाला, नाहीतर मूळ ग्रीक ठेवा, नाहीतर पैसे नाहीत. १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीनेही तेच केले. तेव्हा अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांनी त्याच वर्षी आपली वेगळी सोसायटी काढली आणि इंग्लंडमधल्यांनी १८४० साली बायबल ट्रान्सलेशन सोसायटी स्थापली. एका बंगाली क्रियापदाने दोन खंडांतल्या संस्था दुभंगल्या. भारतीय भाषांत बाप्तिस्मा हा ग्रीक शब्द इतका पक्का का बसला, याचे मोठे कारण या पैशाच्या आणि तत्त्वाच्या भांडणात आहे.

मराठीत पाऊल

मराठी मुलखात ख्रिस्ती धर्म दोन वाटांनी आला. पहिली वाट पोर्तुगीजांची. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूचे चरित्र ओवीत बांधले. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. गोव्याच्या कोंकणीत या संस्काराला पोर्तुगीज वळणाचे नाव आहे, आणि योहानाच्या सणाला सांजांव म्हणतात. २४ जूनला, ऐन पावसाळ्यात, डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून गोव्यातले लोक विहिरीत उड्या घेतात. आईच्या पोटात योहानाने उडी मारली होती, तिची ती आठवण.

दुसरी वाट मुंबईची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. मुंबईत मराठी नवा करार १८२६ साली पूर्ण छापून झाला, आणि त्याच वर्षी हॉल नाशिककडून परतताना पटकीने गेला. संपूर्ण मराठी बायबल १८४७ चे. ज्यांनी हे मराठी बायबल घडवले आणि पुढे पुन्हा पुन्हा तपासले, ते अमेरिकन काँग्रिगेशनल, स्कॉटिश प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन मिशनांचे लोक होते. तिन्ही पंथ बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि डोक्यावर पाणी घालणारे. बुडवणे हा शब्द घ्यायचा आग्रह धरणारे तिथे कोणी नव्हते.

मराठीत तो घेतला असता तर काय झाले असते याचा विचार करावा. मराठीत बुडवणे हे फसवण्याचेही क्रियापद आहे. पैसे बुडवतात, धंदा बुडवतात, घराण्याचे नाव बुडवतात. कर्जबुडव्या हा शब्द रोजच्या बातम्यांतला आहे. ‘बुडवणारा योहान’ कोणाच्या कानाला संदेष्टा वाटला असता? स्नान म्हटले असते तर ते रोजचे. ग्रहणानंतरचे, सुतकानंतरचे, तीर्थावरचे. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. दीक्षा म्हटले असते तर गुरू, मंत्र आणि मठ मागोमाग आले असते. वसईच्या कॅथलिक मराठीत ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रुळला आहे आणि तो सुरेख आहे, कारण ‘संस्कार’ जोडल्याने ते रोजचे स्नान राहत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिले तेव्हा मराठीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही परंपरांची भाषा नांदत होती. मुंबई-नगरच्या प्रॉटेस्टंट मराठीने मात्र ग्रीक शब्द घेतला, आणि लोकांनी त्याला मराठी करून टाकले.

तो मराठी झाल्याचा पुरावा व्याकरणात आहे. चष्मा–चष्म्याचा, सदमा–सदम्याने, तसा बाप्तिस्मा–बाप्तिस्म्याचा. आकारान्त पुल्लिंगी, सामान्यरूप बिनचूक, अनेकवचन बाप्तिस्मे. शाळेत न गेलेली आजीसुद्धा ‘बाप्तिस्म्याच्या दिवशी’ म्हणताना अडखळत नाही.

पाणी आणि पंगत

शब्द रुळला, तरी त्याचा अर्थ सोपा राहिला नाही. १८३९ साली मुंबईत धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सनकडून बाप्तिस्मा घेतला; प्रकरण न्यायालयात गेले आणि विल्सनच्या शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता. न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. त्यासाठी त्यांनी सनातनी मंडळींचा रोष सोसला.

या प्रकरणात दोन मापे समोरासमोर आली. चर्चच्या लेखी सीमा पाण्याची होती: बाप्तिस्मा झाला नाही तोवर मुलगा ख्रिस्ती नाही. जातीच्या लेखी सीमा पंगतीची होती: परक्याच्या घरचे अन्न पोटात गेले तिथेच तो बाटला. मराठी समाजाने बाप्तिस्म्याला ‘बाटणे’ हे आपले क्रियापद लावले ते या पंगतीच्या हिशेबातून. बाटणे म्हणजे विटाळणे. ज्या कृतीला एका बाजूने शुद्धी म्हटले तिलाच दुसऱ्या बाजूने विटाळ म्हटले गेले, आणि हे दोन अर्थ आजही एकमेकांशेजारी राहतात. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घरदार सुटले, वारसा सुटला. १८५० चा एकविसावा कायदा आला तेव्हा धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क जात नाही एवढे तरी ठरले.

बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात टीकेचे वादळ उठले. बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. केडगावात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले, कारण आधीच्या अनुवादांतले संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांना कळत नाहीत आणि भलता अर्थ देतात असे त्यांचे मत होते. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ साली ते बायबल निघाले.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा दूर होत्या. त्या ताटातुटीची आणि पुढे स्वतःही तो घेईपर्यंतच्या वर्षांची हकिगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. टिळकांच्या शेवटच्या पर्वाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू पाहिला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती; येशूवर प्रेम एवढीच अट. ज्या संस्कारासाठी त्यांनी आपला संसार पणाला लावला होता, त्याचीच भिंत होऊ नये याची काळजी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस घेतली. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. तो विचार मात्र मराठी ख्रिस्ती परंपरेतला सर्वांत धाडसी विचार आहे असे मला वाटते.

खानदेशात

आमच्या भागात हा शब्द आधी रेल्वेने आणला. भुसावळ जंक्शन झाले, लोको शेड आणि बंगले आले, आणि गोऱ्या व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या मुलांचे बाप्तिस्मे इथे होऊ लागले. त्या काळी अशा कुटुंबांत बाप्तिस्म्याची नोंद हाच जन्माचा दाखला असे. मुंबई इलाख्याच्या त्या नोंदवह्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वंशावळ शोधणारी परदेशातली कुटुंबे आज त्यांत आजोबा-पणजोबांचे नाव हुडकतात. मुलाचे नाव, आईबापांचे नाव, बापाचा हुद्दा, गाव. ड्रायव्हर, फिटर, गार्ड. शब्दाचे हे कोरडे, कारकुनी रूपही खरे आहे, आणि कित्येक माणसांच्या असण्याचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

मग मिशने आली. अकोला, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम उभे राहिले. अल्बर्ट सिम्पसन या कॅनडात जन्मलेल्या पाळकाने अमेरिकेत सुरू केलेली ही संस्था समजत्या वयात, पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारी. पश्चिमेला नंदुरबार-नवापूरच्या भिल्ल आणि मावची वस्त्यांत स्कॅन्डिनेव्हियातून, तसेच अमेरिकेत गेलेल्या स्कॅन्डिनेव्हियन कुटुंबांतून आलेले मिशनरी पोचले. त्यांच्या मायबोलीत या संस्काराचे नाव बुडवणे या अर्थाचेच होते. इथे मात्र त्यांच्या हाती मुंबईहून छापून आलेले मराठी बायबल होते आणि त्यात ग्रीक शब्द. डोक्यावर पाणी घालणाऱ्यांनी अनुवाद न करता सोडलेला शब्द पुरते बुडवणाऱ्यांच्या हाती आला, आणि तो त्यांनाही पुरला. अर्थ मोकळा सोडण्याचे फळ ते हे. आज खानदेशात कोणाला वेदीजवळच्या कुंडातले ओंजळभर पाणी पुरते, कोणाला हौद लागतो, कोणाला नदी. शब्द सगळ्यांचा एकच आहे.

चार क्रियापदे

शब्द मोकळा असला तरी मराठी माणसाने त्याला जोडलेली क्रियापदे मोकळी नाहीत. बाळाचा बाप्तिस्मा होतो किंवा आईबाप तो करतात. पाळक बाप्तिस्मा देतो. समजता माणूस बाप्तिस्मा घेतो. ज्या वादाने झुरिकमध्ये माणसे मेली आणि लंडन-न्यूयॉर्कमध्ये संस्था फुटल्या, तो वाद मराठीने धातूंच्या निवडीत मिटवून ठेवला आहे. पाणी किती, हे या क्रियापदांत कुठेच नाही. कोणी ठरवले, हे मात्र प्रत्येकात आहे. रमाबाईंनी, टिळकांनी, बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा ‘घेतला’. त्यांचा ‘झाला’ असे कोणी म्हणत नाही.

याच्या समोर ‘बाटवणे’ ठेवून पाहावे. बाटवले जाणाऱ्या माणसाला त्या वाक्यात कर्त्याची जागा नाही. तो कर्म आहे. त्याच्या बाबतीत काहीतरी केले गेले. कधीकधी ते खरेही असते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात बळजबरी झाली आणि इतिहासाने ती नोंदवली आहे. बाप्तिस्म्याचा कागद आजही माणसाच्या हक्कांवर परिणाम करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा आणि पुढे नियमाने चर्चला जाणे या गोष्टी लक्षात घेऊन अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. ज्या बाळाचा बाप्तिस्मा ‘झाला’ होता, त्याला मोठेपणी त्याचा जाब द्यावा लागला. क्रियापदांचा हा फरक व्याकरणाच्या पुस्तकापुरता राहत नाही, तो असा माणसाच्या आयुष्यात उतरतो.

म्हणून खानदेशातल्या एखाद्या पाड्यावरच्या किंवा वसाहतीतल्या बाप्तिस्म्याची बातमी आपल्यापर्यंत येते तेव्हा घाईने ‘धर्मांतर घडवले’ किंवा ‘बाटवले’ लिहून मोकळे होऊ नये, आणि तितक्याच घाईने ‘स्वखुशीने घेतला’ असेही गृहीत धरू नये. शतकानुशतके बहुतेक अनुवादकांनी या शब्दाचा अर्थ ठरवणे टाळले, ते त्यांच्या जागी शहाणपणाचे होते. आपल्याला तसे टाळता येणार नाही. ज्या माणसाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याच्याकडे जाऊन आधी विचारावे: बाप्तिस्मा झाला, दिला, की घेतला? तो जे क्रियापद सांगेल तेच आपण लिहावे.